तांबटांचा बहिरेपणा आणि डॉ. रामात्सिनी

ॲडम स्मिथच्या १७७६ सालच्या महाग्रंथात, मजुरीविषयीच्या प्रकरणात, सहज डोळ्यांआड व्हावा असा एक उल्लेख आहे. नगावर मजुरी मिळू लागली की कामगार आपली सारी शक्ती पणाला लावतो आणि थोड्याच वर्षांत खचतो, हे सांगताना स्मिथने लंडनच्या सुताराचे उदाहरण घेतले आहे. हा सुतार पूर्ण जोमात आठ वर्षांहून अधिक टिकत नाही, असा तेथील समज होता. त्याला जोडूनच स्मिथ नमूद करतो की, जवळजवळ प्रत्येक धंद्यातील कारागिराला अतिश्रमाने त्या धंद्याची म्हणून एखादी व्याधी जडते आणि या विषयावर एका नामांकित इटालियन वैद्याने स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. त्या वैद्याच्या नावातील एक अक्षरही तेथे चुकले आहे. पुढे १८६७ साली मार्क्सने आपल्या ‘भांडवला’च्या पहिल्या खंडात त्याच ग्रंथाला तळटिपेत जागा दिली. अर्थशास्त्राच्या दोन परस्परविरोधी घराण्यांच्या मूळपुरुषांनी ज्याचे नाव घ्यावे, असा हा वैद्य कोण, याची चौकशी आमच्या अभ्यासक्रमात कोठेही नाही. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही, एवढे कारण त्यास पुरेसे आहे.

बर्नार्दिनो रामात्सिनी यांचा जन्म १६३३ सालचा. उत्तर इटलीतील मोदेनाच्या ड्यूकच्या राज्यात कार्पी नावाचे गाव आहे, तेथला. आरंभीचे शिक्षण जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत झाले. पार्मा येथे तत्त्वज्ञान व वैद्यक शिकून १६५९ मध्ये त्यांनी पदवी घेतली, काही काळ रोममध्ये अनुभव मिळवला आणि रोमच्या उत्तरेकडील दोन लहान गावांत ते वैद्य म्हणून राहिले. त्या भागात हिवताप फार. वैद्यबुवा स्वतःच तापाने इतके बेजार झाले की त्यांना गाव गाठावे लागले. १६७१ मध्ये ते मोदेना शहरात आले आणि १६८२ मध्ये तेथील विद्यापीठात वैद्यकाचे अध्यापक झाले. शहरातल्या जुन्या वैद्यांना हा बाहेरचा मनुष्य रुचला नाही. वादविवाद झाले, पत्रके निघाली. असो. त्या काळच्या विद्वानांचे चरित्र अशा भांडणांवाचून पुरे होत नाही.

रामात्सिनी यांच्या बुद्धीला एक खोड होती, ती म्हणजे खाली वाकून पाहण्याची. मोदेनाच्या भूमीत विहीर खणली की पाणी उसळून वर येते. ते कोठून येते हे शोधण्यासाठी त्यांनी विहिरींचा अभ्यास करून १६९१ साली ग्रंथ लिहिला. शेतकऱ्यांत तापाची साथ आली तेव्हा वाड्यांतील रोग्यांइतक्याच काळजीने त्यांनी शिवारातल्या रोग्यांच्या नोंदी केल्या. याच खोडीतून त्यांच्या आयुष्याचे मुख्य कार्य उभे राहिले, आणि त्याचा आरंभ झाला तो त्यांच्या स्वतःच्या घरातील मैलाकुंडीपाशी.

मोदेना दाट वस्तीचे शहर. घराघरांतील मैलाकुंडी दर तिसऱ्या वर्षी उपसून घेण्याचा तेथे रिवाज होता. रामात्सिनी यांच्या घरी हे काम चालू असताना एक मजूर जिवाच्या आकांताने घाई करतो आहे, असे त्यांना दिसले. एवढी धावपळ कशासाठी, सावकाश कर, असे त्यांनी त्याला सुचवले. त्यावर त्या मजुराने वर पाहून जे सांगितले त्याचा आशय असा की, हे काम ज्याने केले नाही त्याला त्याची कल्पना यायची नाही; चार तासांहून अधिक वेळ येथे राहणे म्हणजे डोळे गमावणे होय. तो वर आला तेव्हा त्याचे डोळे लाल आणि धुरकट झालेले रामात्सिनी यांनी निरखून पाहिले. यावर तुम्ही काय उपाय करता, असे विचारता, घरी जाऊन दुसऱ्या दिवसापर्यंत अंधाऱ्या खोलीत बसायचे आणि कोमट पाण्याने डोळे धूत राहायचे, एवढाच इलाज असल्याचे त्याने सांगितले. त्यानंतर शहरात भीक मागणाऱ्या आंधळ्यांकडे रामात्सिनी निराळ्या दृष्टीने पाहू लागले. त्यांतले काही जण पूर्वी हेच काम करीत असत.

‘ज्याचे जळते त्याला कळते’ असे आपण म्हणतो आणि तेथेच थांबतो. रामात्सिनी थांबले नाहीत. ज्याचे जळते त्याला जाऊन विचारणे हे वैद्याचे कर्तव्य आहे, असा सिद्धान्त त्यांनी त्यातून काढला. रोग्याच्या घरी गेल्यावर काय काय विचारावे याची यादी हिपोक्रेटिसच्या काळापासून वैद्यांना पाठ होती. त्या यादीत रामात्सिनी यांनी एका प्रश्नाची भर घातली. तुझा धंदा कोणता, हा तो प्रश्न. वैद्याने मजुराच्या खोलीत साध्या तिपाईवर निवांत बसावे आणि हे विचारावे, अशी त्यांची सूचना होती. शिवाय मजुराला फार दिवस अंथरुणावर राहणे परवडत नाही, त्याचे पोट हातावर असते, म्हणून उपचारही लवकर कामावर जाता येईल असे करावेत, हेही त्यांनी बजावून ठेवले आहे. वैद्यकाच्या ग्रंथात रोजंदारीचा विचार इतक्या स्पष्टपणे पूर्वी क्वचितच आला असेल.

१७०० साली त्यांचा ‘कारागिरांच्या रोगांची चर्चा’ या अर्थाचे लॅटिन शीर्षक असलेला ग्रंथ मोदेनात प्रसिद्ध झाला. खाणकामगार, पाऱ्याने मुलामा देणारे, शिसे हाताळणारे कुंभार, चुना भाजणारे, पाथरवट, सुईणी, प्रेतवाहक, शेतकरी अशी चाळीसवर धंद्यांची प्रकरणे त्यात आहेत. माहिती कोठून मिळवली म्हणाल, तर कारखान्यांत आणि दुकानांत हिंडून. त्याची आपल्याला लाज वाटत नाही, असे सांगण्याची त्यांना गरज भासली, यावरून त्या काळचे विद्वान कारागिराच्या उंबऱ्याला किती शिवत असतील याची कल्पना यावी. बैठे काम करणाऱ्या विद्वानांच्या रोगांवरही त्यात मजकूर आहे. पुढे १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांचे प्रकरण आले. सतत बसणे, लेखणीने हात अवघडणे आणि हिशेबात चूक होईल या धास्तीने डोके शिणणे, ही त्यांनी नोंदलेली लक्षणे आपल्या कचेऱ्यांतील बंधूंना ओळखीची वाटतील.

ग्रंथ निघाला त्याच वर्षी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, पादुआच्या विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतले. पादुआ तेव्हा व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या ताब्यात होते. पादुआतल्या वास्तव्यात व्हेनिसशी त्यांचा संबंध आला आणि तेथील तांबटांच्या वस्तीने त्यांचे लक्ष वेधले.

हे वर्णन वाचताना पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी ज्याने पाहिली व ऐकली आहे त्याला फारसे कल्पनेवर विसंबावे लागणार नाही. आपल्याकडे ठोक ठोक असा एकसुरी आवाज करणाऱ्या एका पक्ष्यालाच तांबट म्हणतात. व्हेनिसच्या त्या भागात तांबटांखेरीज कोणी घर करीत नसे. इतरांना तो गोंगाट सोसवत नसे. लहानशा चटईवर, पाठीत वाकून बसलेला कारागीर दिवसभर तांबे ठोकत असे, आधी लाकडी आणि मग लोखंडी हातोड्याने. रामात्सिनी यांनी पाहिले की या अखंड घणघणाटाने प्रथम कान दुखावतो, मग ऐकू कमी येऊ लागते, आणि याच धंद्यात म्हातारपण आले तर मनुष्य ठार बहिरा होतो. नाईलच्या धबधब्याशेजारी राहणारे लोक बहिरे होतात अशी एक जुनी समजूत युरोपात होती. तिची त्यांनी येथे आठवण केली आहे. पिठाच्या गिरणीत चाके, जाते आणि पडते पाणी यांच्या आवाजात राहणाऱ्यांचे कानही जड होतात, हेही त्यांनी लिहून ठेवले. उपाय म्हणून कानात कापूस घालण्याचा सल्ला दिला.

कारणाच्या बाबतीत मात्र त्यांचा तर्क काळाच्या मर्यादेत राहिला. सतत आघाताने कानाचा पडदा ढिला पडत असावा, असे त्यांना वाटले. कानाच्या रचनेवरचा बोलोन्याच्या वाल्साल्वा यांचा मोठा ग्रंथ १७०४ मध्ये निघाला होता. पण खरे नाजूक ठिकाण दिसायला सूक्ष्मदर्शक सुधारावा लागला. १८५१ मध्ये आल्फोन्सो कोर्ती या दुसऱ्या इटालियनाने अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेत बसलेल्या श्रवणेंद्रियाचे वर्णन केले. त्यात केसासारखी टोके असलेल्या पेशींच्या रांगा असतात. ध्वनीची लहर आली की त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. फार मोठ्या आवाजात त्या थकतात. रात्रभराच्या विश्रांतीने काही अंशी सावरतात. तोच मार रोज बसत राहिला की मरतात. मनुष्याच्या शरीरात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे या बहिरेपणावर औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. तो टाळता येतो, पण आल्यावर घालवता येत नाही.

आणि तो येतो तोही मोठ्या लबाडीने. दुखत नाही, रक्त येत नाही. प्रथम उंच पट्टीचे स्वर जातात, सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासचे. त्यामुळे माणसाला बोलणे ऐकू येते, पण कळत नाही. स्वर कानी पडतात आणि ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ यांसारखी व्यंजने गळून जातात. चार माणसांच्या बैठकीत बोलण्याचा धागा सुटतो. घरातले म्हणतात, यांचे लक्षच नसते. आपल्याकडे आंधळ्याची कीव करतात आणि बहिऱ्याची थट्टा करतात. नाटकांतून हशा मिळवण्यासाठी बहिरा म्हातारा हे हुकमी पात्र आहे. तेव्हा तो मनुष्य हळूहळू कोपऱ्यात बसायला शिकतो, आणि हे वयामुळे झाले असे स्वतःही समजतो.

आता स्मिथकडे परत येऊ. काम जितके अप्रिय वा कष्टाचे तितकी त्याची मजुरी चढी राहण्याकडे बाजाराचा कल असतो, असे त्याच ग्रंथात पुढे प्रतिपादन आहे, आणि आम्ही ते वर्गात मोठ्या आवडीने शिकवतो. धोक्याची किंमत मजुरीत आपोआप येते, असा त्याचा पुढे अर्थ केला गेला. बांधकामावरचा कान या सिद्धान्तात बसत नाही. किंमत लागायची तर विकणाऱ्याला आपण काय विकतो आहोत हे ठाऊक असावे लागते. विशीतला बिगारी ब्रेकर हातात घेतो तेव्हा चाळिशीत त्याच्या नातवंडांचे बोबडे बोल त्याला कळणार नाहीत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. नाक्यावर सकाळी उभे राहून भाव ठरतो तो त्या दिवसाच्या घामाचा. कानाचा भाग त्या व्यवहारात फुकट जातो.

किती जातो, याचा अंदाज आज नेमका करता येतो. पंच्याऐंशी डेसिबलच्या आवाजात दिवसाचे आठ तास, ही अमेरिकेच्या श्रमिक-आरोग्य संशोधन संस्थेने सुचवलेली कमाल मर्यादा. डेसिबलचे गणित साधे बेरजेचे नाही. दर तीन डेसिबलला ध्वनीची शक्ती दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा लागतो. अठ्ठ्याऐंशीला चार तास, एक्क्याण्णवला दोन, आणि शंभर डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे. काँक्रीट फोडणारा ब्रेकर, फरशी कापणारा कटर, खांब ठोकणारे यंत्र यांचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी सहज शंभराच्या घरात जातो. म्हणजे पहिला चहा येण्यापूर्वीच त्याच्या कानाचा दिवस संपलेला असतो.

रामात्सिनी यांच्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी, १८८६ मध्ये, ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टराने बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले. एकाचाही कान निरोगी निघाला नाही. तुलनेसाठी त्याने ओतकाम करणारे आणि टपालवाले यांचेही कान तपासले होते. एवढा पुरावा हाती असूनही कायदे यायला आणखी ऐंशी-नव्वद वर्षे गेली. आणि आले तेव्हा त्यांनी आधी कारखान्याचे छप्पर पाहिले. अमेरिकेत १९८३ मध्ये कामगारांची नियमित श्रवणतपासणी सक्तीची करणारा नियम झाला. बांधकाम व्यवसाय त्यातून वगळलेला राहिला. युरोपीय देशांच्या २००३ च्या निर्देशात असा भेद नाही. तेथे ऐंशी डेसिबलपासूनच मालकाची जबाबदारी सुरू होते.

आपल्याकडचा प्रकार याहून बोलका आहे. आवाजाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाना कायद्याच्या रोगसूचीत होते, पण उघड्यावरची इमारत म्हणजे कारखाना नव्हे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टातही ते होते. परंतु ज्या गटात त्याला बसवले होते त्या गटातील रोगांसाठी एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झालेली असणे आवश्यक होते. मुकादमाबरोबर आज या इमारतीवर आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या शहरात जाणाऱ्या माणसाने ही अट कशी पुरवावी? त्याचा कान जातो वीस वर्षांत आणि वीस मालकांकडे. प्रत्येकाच्या वाट्याला थोडा थोडा येतो, म्हणून कोणाच्याच हिशेबात येत नाही. १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला व १९९८ च्या केंद्रीय नियमांत आवाजाची मर्यादाही घालण्यात आली. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या संहितांत हे सारे कायदे सामावले गेले. कागदावर उणे फार थोडे आहे. बांधकामाच्या जागी ध्वनिमापक घेऊन गेलेला निरीक्षक किती जणांनी पाहिला, एवढेच विचारावे.

कानातल्या बोळ्यांवर सारा भार टाकण्याची मालकांची प्रवृत्ती असते, कारण बोळे स्वस्त असतात. रामात्सिनी यांचा कापूस त्या काळी शहाणपणाचा होता. कोरड्या कापसाने आवाज फारच थोडा अडतो, हे आता कळले आहे. चांगले बोळेही नीट बसले तरच उपयोगी, आणि निम्मा वेळ काढून ठेवले तर तीस डेसिबलचे संरक्षण तीनवर येते. शिवाय कामगार ते काढतो त्याला सबळ कारण असते. मागे येणाऱ्या ट्रकचा भोंगा किंवा वरून क्रेनवाल्याने दिलेली हाक ऐकू आली नाही तर कानाऐवजी जीव जायचा. म्हणून आधी यंत्राकडे पाहिले पाहिजे. खांब ठोकण्याऐवजी तेलाच्या दाबाने रुतवणारी यंत्रे जपानात १९७० च्या दशकापासून वापरात आहेत. ब्रेकरला आवाज कोंडणारे आवरण बसवता येते. जनरेटर दूर नेता येतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की सुमारे सहा डेसिबल कमी होतात, आणि त्याला केबलपलीकडे खर्च नाही. एकाच माणसाच्या हाती दिवसभर कटर न देता पाळी बदलता येते.

रामात्सिनी यांचे डोळे उतारवयात गेले. दुसऱ्यांकडून वाचून घेत, सांगून लिहवीत ते काम करीत राहिले. १७१३ मध्ये पादुआत निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी बारा नव्या धंद्यांची भर घातली. व्हेनिसच्या तांबटांचे प्रकरण त्यांतलेच. त्याच्याबरोबर सुतार, विटा पाडणारे आणि विहिरी खणणारे आहेत, म्हणजे आपण आज ज्यांना बांधकाम कामगार म्हणतो ते. दुसऱ्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १७१४ रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी पक्षाघाताने पादुआत त्यांचे निधन झाले.

बांधकामाच्या खर्चावर शासन एक टक्का उपकर घेते आणि तो कामगारांच्या कल्याणासाठी राखलेला असतो. नोंदणीच्या वेळी कामगाराचे वय, गाव, बँकेचे खाते विचारले जाते. त्याच वेळी त्याचा कान तपासून आकडा कार्डावर लिहावा आणि दर वर्षी नूतनीकरणाला पुन्हा तपासावा, म्हणजे वीस मालकांत वाटला गेलेला तो बहिरेपणा निदान एका कार्डावर तरी एकत्र दिसेल. सार्वजनिक बांधकामाच्या निविदेत सिमेंटची प्रत आणि सळईची जाडी लिहिलेली असते. यंत्राचा आवाज किती चालेल हेही तेथे लिहिता येईल. श्रवणतपासणीच्या यंत्राला शांत खोली लागते, एवढी एकच अडचण त्यात आहे, आणि ती तालुक्याच्या रुग्णालयात मिळू शकते.